तार्मोचं जंगल

"हे तू आधी एकदा विचारलं होतंस की," वाप्पू म्हणाली आणि कॉफीत दूध ओतत राहिली. हेल्काच्या हातात राईच्या पावाचा तुकडा होता, तो तिनं परत बशीत ठेवला. आदल्या संध्याकाळी घरी काही उद्योग नव्हता म्हणून वाप्पूनं कार्सिना या त्यांच्या प्रोग्रामच्या चर्चायादीवरची जुनी पत्रं वर-खाली चाळली होती. काही लोक जुने फोटो काढून बसतात, वाप्पू जुनी तांत्रिक भांडणं काढून बसते. "मार्चमध्ये तू विचारलंस, घरचं फोल्डर दोनदा का जोडलंय. आणि त्याच्या आधीच्या वर्षी, पानगळीच्या सुमाराला, शब्दाला शब्द तेच. अगं, पन्नाशी माझी उलटली आणि विसरायला तू लागलीस का?" हेल्का म्हणाली, कामाच्या गडबडीत होतं असं. "होतं खरं," वाप्पू म्हणाली, "पण तार्मोचं कौतुक वाटलं मला. दोन्ही वेळा उत्तर दिलं बिचाऱ्यानं. दुसऱ्यांदा तर चांगलं पानभर. बाई, हे सांगून झालंय, असं एका अक्षरानं म्हणाला नाही." मग ती बशी विसळायला गेली. खिडकीखाली धबधब्याचं पाणी गिरणीच्या जुन्या विटांच्या भिंतीला घासत वाहत होतं आणि हेल्काचे कान तापले होते. त्रेचाळीस वर्षांच्या बाईचे कान असे शाळकरी पोरीसारखे तापावेत याचा तिला रागही आला.

विसरली नव्हती ती. पण आपण तोच प्रश्न पुन्हा विचारतो आहोत हे तिच्या खरंच ध्यानात आलं नव्हतं, आणि या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे त्यात ती दिवसभर चाचपडत राहिली. प्रश्नाचं उत्तर तिला पहिल्यापासून माहीत होतं, पहिल्या वेळीही आणि दुसऱ्या वेळीही. लक्षात राहिलं नव्हतं ते एवढंच, की हे निमित्त आपलं एकदा वापरून झालंय. तार्मोला पत्र लिहायला निमित्तं लागत, ती ती शोधून ठेवी, एखादी जपून ठेवी, आणि त्या मार्चमध्ये बहुतेक दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून तिनं जुनंच बाहेर काढलं असणार. पण तार्मोच्या लक्षात आलं असेल का? त्याच्या लक्षात न येणं अवघड. मग त्यानं पानभर का लिहिलं? भल्या माणसाचा भलेपणा, की त्याला आपण कोण, काय विचारलं, कधी विचारलं याचंच सोयरसुतक राहिलं नव्हतं आणि कुणीही विचारलं असतं तरी त्यानं असंच लिहिलं असतं?

कार्सिना म्हणजे गोठ्यातला कप्पा. जुन्या शेतघरांत डुकरांना, वासरांना वेगवेगळं कोंडायला असायचा तो. तार्मोनं हे नाव ठेवलं होतं. संगणकावर कुठलाही अनोळखी प्रोग्राम चालवायचा झाला की त्याला आधी कप्प्यात घ्यायचं. आत त्याला वाटतं, हेच सगळं जग. त्याला दिसतं तेवढंच जेवढं आपण दिलंय, एखादं फोल्डर, एखादी खिडकी, बाहेरच्या घराचा वाससुद्धा नाही. आता कुठकुठल्या कचेऱ्या, दवाखाने, वाचनालयं हा कप्पा वापरत होती, आणि त्याची देखभाल करायला ताम्पेरेच्या एका जुन्या कापडगिरणीत सहा-सात जणांची सहकारी संस्था होती. हेल्का त्यातली सगळ्यांत जुनी. तिच्याहून जुना एकच, तो आता इथं नव्हता. कप्पा उभा करण्याचा जो मुख्य भाग, कुठली भिंत आधी, कुठलं दार नंतर, कुठला अधिकार कधी काढून घ्यायचा, तो सगळा त्यानं एकाच भल्यामोठ्या फंक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच सलग तुकड्यात, एकाखाली एक लिहून ठेवला होता. नावं दोन-दोन अक्षरांची. आतून मागे पुढे उड्या. नवा माणूस त्यात शिरला की हरवे. संस्थेत त्याला सगळे तार्मोचं जंगल म्हणत, आणि काही अडलं की म्हणत, हेल्का, तूच विचार त्याला, तुमची ओळख आहे.

ओळख. पिस्पालाच्या चढावरच्या लाकडी घरात, वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळं दिसायचं तिथं ती दोघं चार वर्षं राहिली होती. तार्मो विचार करताना कच्चं गाजर खायचा, सालासकट. त्या आवाजाचा तिला तेव्हा वैताग येई आणि आता बाजारात गाजरांच्या ढिगापुढे ती उगीच थांबे. ज्या हिवाळ्यात ते फंक्शन लिहिलं गेलं तेव्हा तो टंकायचा आणि ती शेजारी बसून मोठ्यानं वाचायची, ओळ न् ओळ, एखाद्याला वर्तमानपत्र वाचून दाखवावं तशी. वाचता वाचता एकदा ती थांबली. म्हणाली, "थांब. घरचं फोल्डर आपण जोडलं, पण त्यानंतर कप्प्याची जमीनच बदलतोय आपण. मग ही जोडणी अजून बाहेरच्या घराकडे बघतेय की." तार्मोनं गाजर खाली ठेवलं. दोघांनी तपासलं. आतला प्रोग्राम बाहेरचं सगळं घर बघू शकत होता. मग त्यानं ती जोडणी सोडवून नव्या जमिनीवर पुन्हा केली, म्हणून ती दोनदा. दोनदा का जोडलंय, हा प्रश्न जगात एका माणसाला पडायला नको होता आणि ती हेल्का होती. चूक तिनंच पकडली होती. त्या दिवशी तार्मोनं तिच्या डोक्यावर हात ठेवला होता, नुसता ठेवला आणि काढला. त्याच्यासाठी ते पुष्कळ होतं.

मग त्याची आई काजानीत घराच्या पायरीवर पडली, खुबा मोडला, आणि तो उत्तरेला गेला. स्टेशनवर म्हणाला, "पानगळ संपली की बघू." ती म्हणाली, "हो, बघू." यापलीकडे काही झालं नाही. भांडण झालं असतं तर सांगायला तरी काही असतं. आईला पुन्हा नीट चालता आलंच नाही, त्यानं तिथल्या पाणीपुरवठा खात्यात नोकरी धरली, पानगळ संपली, पुढचीही संपली. तिथं राहू नकोस, असं तिनं म्हटलं नव्हतं. जाऊ नकोस, असं तर नाहीच. असं म्हणायची तिच्या घरात रीत नव्हती. ती पहिल्यांदा घर सोडून शिकायला निघाली तेव्हा वडील बसथांब्यावर आले होते, आणि तिच्याकडे न बघता बसच्या चाकांभोवती फिरून आले होते. "हिवाळी टायर घातलेत," एवढंच म्हणाले. बस सुटल्यावर मागच्या काचेतून तिनं पाहिलं, ते तिथंच उभे होते, पाऊण तास तरी उभे राहिले असतील असं आईनं नंतर सांगितलं. अशा माणसाची मुलगी. प्रेमाचं बोलायचं म्हणजे अंगावरचे कपडे उतरवून चौकात उभं राहायचं, असं तिला वाटे.

म्हणून प्रश्न. दर दोन-तीन महिन्यांनी एक. तेही खासगी नाही, चर्चायादीवर, सगळ्या जगासमोर, म्हणजे कुणाला शंका नको, तिला स्वतःलासुद्धा. अमुक अधिकार इतक्या उशिरा का काढला जातो? ही खूण दोनदा का तपासली जाते? तार्मो संस्थेतून गेला तरी उत्तरं देत राहिला, कोरडी, नेमकी, शेवटी फक्त नावाचं पहिलं अक्षर. उत्तर आलं की ती त्याच दिवशी प्रश्नावर 'मिटला' अशी खूण करून टाके. तो नियम तिनंच घालून दिला होता, ज्यानं शंका काढली त्यानंच ती मिटल्याचं सांगायचं, उघडी ठेवायची नाही. उघड्या शंका ठेवणाऱ्यांना ती फैलावर घेई. खूण केल्यावर ते पत्र ती पुन्हा वाचे, आणि त्यात तांत्रिक नसलेलं एखादं वाक्य सापडतंय का बघे. एकदा सापडलं होतं. "इथं आज पाणी गोठलं." ते तळ्याविषयी होतं की पाइपाविषयी हे तिला कळलं नाही, पण महिनाभर पुरलं.

वाप्पूनं दुसऱ्या दिवशी पुन्हा विषय काढला. या बाईला एखादी गोष्ट दातात अडकली की निघेपर्यंत चैन पडत नाही. "मी सगळं जंगल वाचून काढलं काल," ती म्हणाली. "एवढं बाऊ करण्यासारखं काही नाहीये त्यात. नावं भिकार आहेत, आणि बारा कामं एकात कोंबलीत. ती वेगळी काढायची, प्रत्येकाला धड नाव द्यायचं, क्रम एका जागी मांडायचा. मग कुणाला काजानीला पत्र पाठवायला नको. तू करतेस की मी करू?" हेल्का म्हणाली, "मी करते." इतक्या पटकन म्हणाली की वाप्पूनं मान वर करून पाहिलं. दुसऱ्या कुणाचे हात त्या ओळींना लागावेत हे तिला सोसलं नसतं, पण खरं भय वेगळं होतं, आणि ते ती पुरतं जाणून होती. हे जंगल साफ झालं की विचारायला काही उरणार नाही. जोवर कुणाला काही कळत नव्हतं तोवर तार्मो लागत होता. तीन वर्षं ती हे काम पुढे ढकलत आली होती, कधी वेळ नाही म्हणून, कधी धोका आहे म्हणून, आणि सगळ्यांनी मान डोलावली होती, कारण हेल्का उगीच काही बोलत नाही असा तिचा लौकिक होता.

अशा कामाचा एकच कायदा असतो, बाहेरून काहीही बदलता कामा नये. आतली रचना उलटीपालटी करायची, पण कप्पा काल जसा वागत होता तसाच आजही वागला पाहिजे. एक ओळ उचलायची, दुसरीकडे ठेवायची, सगळ्या चाचण्या चालवायच्या, हिरवं दिसलं की पुढची. नोव्हेंबर होता, तीन वाजून गेले की खिडकी काळी व्हायची. काम अवघड नव्हतं आणि म्हणूनच जड होतं. प्रत्येक ओळीच्या डाव्या अंगाला यंत्र नाव दाखवतं, या ओळीला शेवटचा हात कुणाचा लागला ते. पडदाभर तार्मो, तार्मो, तार्मो असं खाली उतरत जायचं. ती ओळ उचलून नव्या जागी ठेवी आणि त्याच शब्दांपुढे हेल्का उमटे. त्यानं लिहिलेलं, तिच्या नावावर. शब्द तेच, विरामचिन्हं तीच. पिस्पालाच्या त्या घरातून तार्मोचं सामान गेलं त्या दिवशी तिनं कपाटातली त्याची रिकामी बाजू आपल्या कपड्यांनी भरली होती, पटापट, एका संध्याकाळीत, म्हणजे ती रिकामी दिसू नये. आता तेच हातांना आठवत होतं. एका दुपारी चाचणी लाल झाली. आतला प्रोग्राम बाहेरचं घर बघू लागला होता. तिनं दुसरी जोडणी जमीन बदलायच्या आधी ठेवली होती, तीच जुनी चूक, आणि या खेपेस पकडणारं शेजारी कुणी नव्हतं, यंत्रानंच पकडली. ती बराच वेळ त्या लाल ओळीकडे बघत बसली. मग ओळ खाली सरकवली आणि त्या पायरीला नाव दिलं, 'जमीन बदलल्यावर घर पुन्हा जोड'. इतकं साधं. असं नाव असतं तर तो प्रश्न विचारायला तोंडच राहिलं नसतं.

एक कोपरा मात्र तिनं तसाच ठेवला. शेवटाला जिथं कप्प्याचं दार आतून बंद होतं, तिथल्या आठ-दहा ओळी, दोन अक्षरी नावांसकट, मागे-पुढे उड्यांसकट. दरवेळी त्यांच्याशी आली की ती दुसरीकडे वळे. स्वतःला सांगे, हे नाजूक आहे, हे नंतर. ते नंतर कशासाठी आहे हेही तिला ठाऊक होतं. पुढच्या वसंतात, बर्फ वितळताना, एखादा प्रश्न. संसारी बाया लोणच्याची एक बरणी फडताळात मागे सरकवून ठेवतात तशी तिनं ती मागे ठेवली आणि बाकीचं सगळं वाप्पूकडे तपासायला पाठवलं. वाप्पू दोन दिवस वाचत होती. मग खुर्ची ढकलत तिच्या टेबलाशी आली.

"झकास झालंय," वाप्पू म्हणाली. "रडायला येईल इतकं सरळ. पण हे शेवटचं का गं सोडलंस?"

"ते नाजूक आहे."

"नाजूक काय त्यात? दार लावायचंय."

"तार्मोला विचारावं लागेल."

वाप्पू तिखट बाई होती, तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण त्या क्षणी तिनं हेल्काच्या चेहऱ्याकडे न बघता पडद्याकडेच बघितलं. हा तिच्यातला थोर गुण. मग नेहमीपेक्षा हलक्या आवाजात म्हणाली, "हे तुला कळत नाही असं सांगतेस मला? तू बाजूला बसलेली असताना लिहिलंय त्यानं हे. सगळ्यांना माहीत आहे. मी यावर सही करू शकते, तसंच ठेवून. पण मग पुढं कुणाचं तरी बोट त्या दारात सापडेल. एवढंच सांगते." आणि खुर्ची ढकलत परत गेली. सगळ्यांना माहीत आहे. हेल्काला वाटलं, तर मग चर्चायादीवर, भर चौकात, मी एवढी वर्षं उभीच होते, आणि लोक शहाणपणानं दुसरीकडे बघत होते. लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण लाजेखाली एक दुसरंच वाटलं, थकवा उतरल्यासारखं. तिनं त्या दहा ओळी उघडल्या. अर्ध्या तासाचं काम निघालं. शेवटच्या पायरीचं नाव तिनं 'दार आतून लाव' असं ठेवलं, चाचण्या हिरव्या झाल्या, आणि डाव्या अंगाला वरपासून खालपर्यंत तार्मो कुठंच उरला नाही.

त्या भागाच्या राखणदारांत तार्मोचं नाव अजून होतं, त्यामुळे यंत्रानं आपणहून त्याला कळवलं. शुक्रवारी सकाळी त्याचं उत्तर यादीवर आलं. वाप्पूनंच ते मोठ्यानं वाचलं, वेलदोड्याचे गोड पाव आणले होते त्यांची पिशवी फोडता फोडता. "वाचलं. सगळं बरोबर आहे. आता मला विचारायची गरज पडणार नाही. टी." सगळ्यांनी टेबलं वाजवली. तार्मोकडून एवढं म्हणजे हार-तुरेच की, कुणीतरी म्हणालं. हेल्कानं पाव खाल्ला, गोड लागला, साखरेचे दाणे टाळ्याला टोचले. ती हसलीही. मग कोट टांगायच्या खोलीत जाऊन लोकांच्या ओल्या लोकरी कोटांमध्ये उभी राहिली. त्या वाक्यात काय होतं हे तिनं सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. सुटका होती का? तक्रार होती का? इतकी वर्षं ती त्याच्या वाक्यांत भलतंसलतं शोधत आली होती, आणि आज पहिल्यांदा शोधायचा कंटाळा आला. तो हवा होता. उत्तर नको होतं, तो हवा होता, गाजरासकट. हे इतकं उघडं वाक्य तिनं मनातसुद्धा आधी कधी म्हटलं नव्हतं, आणि म्हटल्यावर कोटांच्या खोलीत काही कोसळलं नाही.

शनिवारी दुपारी तिनं फोन लावला. पत्र लिहायला बसली होती, विषयाच्या जागी काय लिहायचं ते सुचेना, कारण नेहमी तिथं फाइलचं नाव असे. मग पत्र मिटलं आणि फोन उचलला. स्वतःला विचार करायला वेळच दिला नाही.

"तार्मो," त्यानं फोन उचलून आपलं नाव सांगितलं, आणि तिचा आवाज ऐकल्यावर म्हणाला, "काही मोडलं का?"

"नाही. सगळं चालतंय."

"मग काय विचारायचंय?"

"काही नाही," ती म्हणाली. "विचारण्यासारखं काही ठेवलंच नाही मी."

पलीकडे नळाचा आवाज होता, तो बंद झाला.

"घरचं फोल्डर दोनदा का जोडतात," ती म्हणाली, "ते मला माहीत होतं."

"असणारच. चूक तूच पकडली होतीस."

"आणि मी दोनदा विचारलं."

"हो."

"तरी उत्तर दिलंस."

"तू विचारलंस म्हणून दिलं." मग तो घसा साफ करून म्हणाला, "दुसऱ्यांदा विचारलंस ना मार्चमध्ये, तेव्हा मला वाटलं, हिला दुसरंच काही म्हणायचंय. मी पानभर लिहिलं. म्हटलं, हिला कळेल. शेजारच्या बाईंना आईपाशी दोन दिवस थांबायला सांगून आलो, गाडीचं तिकीट काढायला बसलो. तेवढ्यात तू शंका मिटल्याची खूण केलीस. 'धन्यवाद, काम झालं' म्हणून."

हेल्का ओट्याला टेकली. तिला ते आठवलं, म्हणजे त्या दिवसाचं काही आठवलं नाही, फक्त बोट आठवलं, तत्पर, नियमाला धरून, कळ दाबणारं. "मी नेहमीच लगेच मिटवते," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. नियमच आहे. तूच केलाय." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, किंवा असला तरी जुना, घरातला. "मग वाटलं, खरंच विसरली असेल. माणूस विसरतो."

"विसरले नव्हते."

"हं."

पिस्पालाच्या त्या घरात हे बोलता आलं असतं, किंवा स्टेशनवर, किंवा त्यानंतरच्या कुठल्याही दिवशी, आणि तिला एकदम त्या सगळ्या दिवसांचं ओझं जाणवलं, एकावर एक रचलेल्या, नीट मिटवलेल्या. रडू आलं नाही. तिनं वाट पाहिली नाही, बोलली.

"मला तुझी आठवण येते, तार्मो. रोज येते. ये."

"आईला एकटं टाकता येत नाही आता," तो म्हणाला. "पूर्वी दोन दिवस जमायचं. आता रात्रीही उठावं लागतं. बाईही गेल्या इथून." तो नाही म्हणत होता आणि त्याला नाही म्हणायचं नव्हतं, हे तिला इतकं स्पष्ट ऐकू आलं की आजवर या माणसाला आपण फक्त वाचतच का राहिलो, असं तिला वाटलं.

"मग मी येते," हेल्का म्हणाली.

मागे कुठेतरी म्हातारीनं कोण आहे म्हणून विचारलं, आणि त्यानं फोनवर हात न ठेवताच सांगितलं, हेल्का आहे.

"पिएक्सामॅकीला गाडी बदलावी लागेल तुला," तो म्हणाला. "फलाट उघडा आहे, वारा फार असतो. कान झाकणारी टोपी घालून ये."